नॉटिंगहॅमचा पब आणि १९ हर्ट्झचे भूत

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात किल्ल्याच्या कड्याला पाठ लावून ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ नावाचा एक पब उभा आहे आणि त्याच्या पांढऱ्या भिंतीवर ‘इ. स. ११८९’ असे ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. ११८९ हे इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला गादीवर आला ते वर्ष. धर्मयुद्धाला निघालेले शिलेदार जेरुसलेमच्या वाटेवर येथे थांबून बिअर पीत असत, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात आजची इमारत सतराव्या शतकातील आहे आणि हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळालेले आहे. नावातला ‘ये’सुद्धा अस्सल नव्हे. जुन्या इंग्रजीतले ‘थ’चे अक्षर पुढे ‘वाय’सारखे दिसू लागल्याने साध्या ‘द’चा हा ‘ये’ झाला. हा पब झपाटलेला आहे, असेही सांगितले जाते, आणि त्या दाव्याची तपासणी भिंतीवरच्या सनाइतक्याच काटेकोरपणे करायला हवी.

सुरुवात खडकापासून करावी लागते, कारण या पबच्या मागच्या खोल्या बांधलेल्या नसून कोरलेल्या आहेत. नॉटिंगहॅम ज्या वालुकाश्मावर वसले आहे, तो ट्रायासिक काळात, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूपासून तयार झाला. आपल्याकडची वेरूळची लेणी कठीण बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. येथील खडकाचे कण मात्र एकमेकांना इतके सैल धरून आहेत की साध्या हत्यारांनी खोली कोरता येते. शहराखाली अशा ८०० हून अधिक मानवनिर्मित गुहांची नोंद झाली आहे. आतले तापमान बाराही महिने १४ अंशांच्या आसपास राहत असल्याने बिअरची पिपे ठेवायला ही जागा आयतीच होती.

खडक ठिसूळ असल्याचा परिणाम पबच्या सर्वांत प्रसिद्ध ‘शापित’ वस्तूवर स्पष्ट दिसतो. वरच्या मजल्यावरील, थेट खडकात कोरलेल्या दालनात शिडाच्या जहाजाची एक लाकडी प्रतिकृती आहे. ती पुसणारे तिघे जण अकस्मात मरण पावले, असे सांगतात. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नाही आणि आता ती काचेच्या पेटीत आहे. तिच्या दोरांवर आणि डोलकाठ्यांवर राखाडी धुळीची पुटे लोंबताना दिसतात. ही धूळ पाहिली की शाप खरा वाटू लागतो, परंतु वाळूचे कण सुटत राहणाऱ्या छताखाली कोणतीही वस्तू काही वर्षे न पुसता ठेवली तर तिची हीच अवस्था होईल. राहिला प्रश्न तिघांचा. जहाज पुसून नंतर सुखाने जगलेले किती जण होते, आणि पुसणे व मरणे यांत किती काळ गेला, हे कथेत सांगितलेले नसते. छेद माहीत नसलेल्या अपूर्णांकाचा अंश कितीही मोठा असला, तरी त्याची किंमत काढता येत नाही.

अशा जागांतील अनुभवांसाठी विज्ञानप्रेमी मंडळी हटकून एक स्पष्टीकरण देतात, ते म्हणजे अवश्राव्य ध्वनी, अर्थात २० हर्ट्झपेक्षा (सेकंदाला २० कंपनांपेक्षा) कमी वारंवारतेचा, कानाला ऐकू न येणारा आवाज. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातील अभियंते विक टँडी यांना प्रयोगशाळेत रात्री काम करताना एकाएकी भीती दाटून आली आणि नजरेच्या कडेला राखाडी आकृती दिसली; मान वळवताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचे पाते शिकंज्यात धरले असता ते आपोआप थरथरू लागले. नव्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची स्थिर लहर, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी दोलणारी ध्वनिलहर, उभी राहिली होती. सुमारे ९ मीटर लांबीच्या खोलीत अर्धी लहर नेमकी मावते, हे गणितही जुळते, आणि पंख्याची बसवण बदलताच तो प्रकार थांबला. त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे कॉव्हेंट्रीतीलच चौदाव्या शतकातल्या एका तळघरात त्यांना जवळजवळ तीच वारंवारता आढळली.

ही हकिगत मोठी देखणी आहे आणि म्हणूनच तिच्याबाबत सावध राहिले पाहिजे, असे मला वाटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका प्रयोगात ७९ जणांना एकेक करून रिकाम्या पांढऱ्या खोलीत सोडले गेले आणि काहींच्या वेळी अवश्राव्य ध्वनी किंवा चुंबकीय क्षेत्रे गुपचूप सुरू ठेवली गेली. अनेकांना चमत्कारिक संवेदना झाल्या, परंतु यंत्रे चालू होती की बंद, याचा त्यांच्याशी काही संबंध दिसला नाही. ‘येथे काहीतरी जाणवू शकते’ ही आधी दिलेली सूचनाच बहुधा पुरेशी ठरली होती. तरीही १९ हर्ट्झचा आकडा भिंतीवरच्या ११८९ सारखाच तोंडोतोंडी फिरत राहतो.

मग सगळे मनाचेच खेळ म्हणायचे का? एडिनबरोच्या साउथ ब्रिजखालील तळघरांत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी केलेली पाहणी येथे उपयोगी पडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या पुलाच्या कमानींखाली एके काळी दारूची दुकाने आणि गोदामे होती. दोनशेहून अधिक लोकांना तेथील वेगवेगळ्या खोल्यांत थांबवले असता, ज्या खोल्या झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध होत्या तेथेच अधिक विचित्र अनुभव नोंदले गेले, आणि ज्यांना ती ख्याती ठाऊक नव्हती त्यांच्या बाबतीतही तसेच घडले. खोलीचा आकार आणि उजेड यांच्याशी या अनुभवांचा संबंध आढळला. उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला पुरते सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मंद प्रकाशात नजरेची कडच अधिक संवेदनक्षम असल्यामुळे धूसर आकृत्या तिथेच दिसतात. ‘ट्रिप’च्या दारातून कोरीव खोल्यांकडे जाणाऱ्या माणसाचे डोळे नेमके याच अवस्थेत असतात.

अशा तळघरांत ज्याची खरोखर धास्ती बाळगावी, ते मात्र वेगळेच आहे. पिपांतील बिअर नळापर्यंत ढकलण्यासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि गळती झाली की खालच्या भागात साचतो. त्याने डोके दुखते, धाप लागते, प्रमाण वाढले तर माणूस बेशुद्ध पडून दगावतो, आणि या वायूला रंग किंवा जाणवेल असा वास नसतो. म्हणून पबच्या तळघरांत त्याची सूचना देणारे यंत्र डोळ्यांच्या उंचीवर नव्हे, तर गुडघ्याच्याही खाली, जमिनीलगत बसवतात.