अमेरिकन सैन्यातून ड्रग्जमुळे डिस्चार्ज झालाय? अपग्रेडचा अर्ज नेमका कुठे अडकतो

अमेरिकेत वाढलेली आपली मुलं आता तिथल्या आर्मी-नेव्हीत जातात, ग्रीन कार्डवाली पण जातात कारण सिटिझनशिप लवकर मिळते, आणि मग एखाद्याच्या युरिन टेस्टमध्ये गांजा नाहीतर कोकेन निघतं आणि पोरगं काही महिन्यांत घरी. घरात त्यावर कोणी बोलत नाही, मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर "कॉन्ट्रॅक्ट संपलं" एवढंच. मग वर्षं जातात आणि नोकरीच्या बॅकग्राउंड चेकला किंवा कॉलेजच्या पैशांसाठी अर्ज केला की तो डिस्चार्जचा कागद परत समोर येतो, आणि तेव्हा त्यावरचा शेरा सुधारून, म्हणजे अपग्रेड करून, घ्यायची धावपळ सुरू. या धावपळीत भरलेले अर्ज नाकारले जाताना बघून बघून हे लिहितोय.

आधी एक अफवा काढून टाका. "सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप अपग्रेड होतो" हे डिस्चार्जच्या वेळी युनिटमध्येच कोणीतरी सांगतं. असं काहीही नाही, कधी नव्हतं. अर्ज केल्याशिवाय काही बदलत नाही, आणि नुसता काळ लोटला म्हणूनही कोणी बदलून देत नाही.

पहिलं काम म्हणजे डीडी-२१४ ची, म्हणजे सैन्यातून सुटल्याच्या दाखल्याची, पूर्ण प्रत शोधणं. याची एक छोटी प्रत पण मिळते जिच्यात डिस्चार्जचा प्रकार आणि कारण छापलेलंच नसतं, आणि लोकं नेमकी तीच जोडतात. "मेंबर-४" लिहिलेली प्रत हवी. २४ नंबरच्या चौकटीत प्रकार, २६ मध्ये सेपरेशन कोड, २७ मध्ये परत भरती होता येतं का त्याचा कोड आणि २८ मध्ये कारण, जिथे ड्रग्जच्या केसमध्ये बहुतेक वेळा सरळ मिसकंडक्ट आणि ड्रग अब्यूज असं छापलेलं असतं. आता गंमत बघा, लोकं अर्जात फक्त "ऑनरेबल करून द्या" मागतात, मिळतं पण, आणि २८ नंबरची चौकट तशीच राहते. म्हणजे ऑनरेबल आहे आणि खाली ड्रग अब्यूज पण आहे. एचआरवाला काय वाचणार ते सांगायला नको. म्हणून प्रकार, कारण, कोड, जे जे बदलून हवंय ते वेगवेगळं लिहून मागा. कारण बदलून "सेक्रेटेरियल ऑथॉरिटी" असं, ड्रग्जचा उल्लेख नसलेलं, करून मागता येतं. नेव्ही आणि मरीन्सवाल्यांनी लक्षात ठेवा की अपग्रेडचे अर्ज तपासणारं तुमचं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड भरतीचा कोड बदलू शकत नाही, त्यासाठी रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या बोर्डाकडेच जावं लागतं.

डिस्चार्जचे मुख्य प्रकार पाच आहेत, चांगल्यापासून वाईटाकडे. ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल हे तीन ऑफिसच्या कागदांवर होतात, बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे दोन कोर्टमार्शलमधूनच. जनरलवाले बरेचदा अर्जच करत नाहीत कारण त्यांना वाटतं आपलं बरं आहे. व्हीएचा (माजी सैनिकांचं सरकारी खातं) दवाखाना, घराचं कर्ज वगैरे जनरलवर चालतं हे खरं, पण जीआय बिलचे कॉलेजचे पैसे जनरलवर मिळत नाहीत, त्याला ऑनरेबलच लागतं. आपल्याकडे मुलं जातातच मुळात त्या फीसाठी, त्यामुळे हे अ‍ॅडमिशन घेतल्यावर कळलं तर फार महागात पडतं.

आता फॉर्म. दोन आहेत आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. डीडी-२९३ हा डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाचा, डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षांच्या आत. डीडी-१४९ हा रेकॉर्ड करेक्शन बोर्डाचा, त्याला ३ वर्षांची मुदत. आता ३ वर्षं वाचून लोकं घाबरतात आणि "आपली मुदत गेली" म्हणून सोडून देतात, हे चूक आहे. ती ३ वर्षं चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून मोजतात, आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड उशीर माफ करू शकतं, पण उशीर का झाला ते तुम्हाला लिहावं लागतं, ती जागा कोरी सोडायची नाही. उलट १५ वर्षांच्या मुदतीला मात्र माफी नाही, चौदावं वर्ष चालू असेल तर पुरावे जमवत बसू नका, आधी फॉर्म पोचवा. आणि १५ वर्षं झालेली नसताना थेट १४९ पाठवला तर तो परत येतो, आधी २९३ चा रस्ता संपवून या म्हणून सांगतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. फक्त जनरल कोर्टमार्शलमधून (सगळ्यात वरचं सैनिकी कोर्ट, जनरल डिस्चार्जशी संबंध नाही) आलेला डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाला बघताच येत नाही, त्यांना १४९ च. आर्मी, एअर फोर्स, कोस्ट गार्ड प्रत्येकाची बोर्डं वेगळी, नेव्ही आणि मरीन्सची एकच. फी कुठेच नाही. सही विसरू नका, हसू नका, सहीशिवाय अर्ज येतात.

आता मुख्य गोष्ट, जिथे अर्ज मरतात. निवेदनात लोकं काय लिहितात, मला नोकरी मिळत नाही, मुलं लहान आहेत, जीआय बिल हवंय, मी आता सुधारलोय. वाईट वाटतं वाचून पण गरज हा बोर्डासाठी मुद्दाच नाही. बोर्ड दोनच गोष्टी बघतं, डिस्चार्ज नियमाप्रमाणे झाला का, आणि तो न्याय्य होता का. शिवाय सरकारने तेव्हा सगळं बरोबरच केलं असं ते धरून चालतात, तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणजे "माझी चूक झाली, माफ करा" असं पानभर लिहून तुम्ही सरकारचीच बाजू मांडताय.

नियमाच्या बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा आर्मीवाल्यांसाठी म्हणजे लिमिटेड यूज पॉलिसी. शिपाई स्वतःहून "मला व्यसनासाठी मदत हवी" म्हणून गेला आणि तेव्हा त्याने जे कबूल केलं ते त्याच्या विरुद्ध वापरून डिस्चार्ज खराब करता येत नाही. काही टेस्टनाही हेच संरक्षण आहे. युरिनच्या नमुन्याबरोबर डीडी-२६२४ नावाचा कागद जातो, त्यावर टेस्ट का घेतली त्याचा दोन अक्षरी कोड असतो. अचानक सगळ्या युनिटची तपासणी असेल तर "आययू", रँडम असेल तर "आयआर", या टेस्ट तुमच्या विरुद्ध वापरता येतात. पण कमांडरने "हा ड्यूटीला फिट आहे का बघा" म्हणून घेतली असेल तर "सीओ", आणि उपचार चालू असतानाची "आरओ", हे दोन्ही लिमिटेड यूजमध्ये येतात, आणि सरकारनेच तो रिपोर्ट डिस्चार्जच्या कागदात घातला असेल तर डिस्चार्ज ऑनरेबलच द्यावा लागतो. एवढी दोन अक्षरं कोणी बघत नाही! तसंच, अदर दॅन ऑनरेबल द्यायचा असेल तर सुनावणीच्या बोर्डाचा हक्क असतो, तो न देता किंवा लेखी सोडून न घेता डिस्चार्ज केला असेल तर ती चूक आहे.

न्यायाच्या बाजूला मानसिक आजार येतो. २०१४ पासून पेंटॅगॉनने पीटीएसडीबद्दल (मोठ्या आघातानंतर होणारा मानसिक आजार) बोर्डांना उदारपणे बघायला सांगितलंय आणि ऑगस्ट २०१७ च्या मार्गदर्शक पत्रात चार प्रश्न दिलेत: असा आजार किंवा अनुभव होता का, तो नोकरीच्या काळातला होता का, त्याने वागणं समजण्यासारखं होतं का, आणि तो त्या डिस्चार्जपेक्षा जड ठरतो का. डोक्याला मार आणि लैंगिक अत्याचार पण यात येतात. त्रास विसरायला घेतलेले ड्रग्ज लक्षात घ्यावेत हे त्यात आहे, गांजाकडे काही दशकांपूर्वीपेक्षा सौम्यपणे बघता येईल हेही आहे. निवेदन या चार प्रश्नांच्या क्रमाने लिहा. विकत असताना पकडला गेला असेल तर मात्र आशा कमी, ठरवून केलेलं वागणं आजाराच्या खात्यात सहसा टाकत नाहीत. आणि आपल्या घरांमध्ये "डिप्रेशन वगैरे लिहू नकोस, लग्नाच्या वेळी त्रास होईल" म्हणणारे असतात, त्यांना कृपया बाजूला ठेवा, अर्जाचा कणाच तो आहे.

कागदपत्रांत जो कोणाकडेच नसतो तो म्हणजे सेपरेशन पॅकेट, म्हणजे कमांडरची नोटीस, लॅब रिपोर्ट, तुम्ही काय काय सही करून सोडलं ते सगळं. पोरांनी तेव्हा घरी जायच्या घाईत सह्या केलेल्या असतात आणि कागद बराकीतच राहतात. तो सेंट लुईसच्या नॅशनल पर्सनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून एसएफ-१८० फॉर्मवर किंवा ऑनलाइन मागवायचा, फुकट मिळतो. पण "पूर्ण फाइल आणि सेपरेशनचे सगळे कागद" असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसता डीडी-२१४ पाठवून मोकळे होतात. मेडिकल आणि मानसोपचाराची रेकॉर्ड्स या फाइलमध्ये नसतात, ती वेगळी मागवावी लागतात. तेव्हा निदान झालेलं नसेल तरी चालतं, आताच्या डॉक्टरचं पत्र चालतं, पण त्यात तेव्हाच्या वागण्याशी संबंध लिहिलेला हवा, नुसतं "पेशंटला पीटीएसडी आहे" उपयोगाचं नाही.

बाकी व्यसनमुक्तीचं सर्टिफिकेट, नंतरच्या टेस्ट, नोकरी, मार्कशीट जोडा. तुमच्याबद्दल शिफारसपत्र लिहिणाऱ्याला ड्रग्जचं प्रकरण माहीत असलं पाहिजे आणि त्याने ते तसं लिहिलं पाहिजे. "अत्यंत सुसंस्कृत घरातला मुलगा" अशी मंडळाच्या लेटरहेडवरची पत्रं नकोत हो.

एक आपल्याच लोकांसाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेंटॅगॉनने सैनिकांना खसखस खाऊ नका म्हणून सांगितलं, कारण काही खसखशीत कोडीन इतकं निघालं की टेस्ट पॉझिटिव्ह यावी. आईने दिवाळीला पाठवलेले अनारसे आठवले ना? रिपोर्ट कोडीनचा असेल तर हे तपासाच, नकळत पोटात गेलेलं हा गुन्हा धरत नाहीत. गांजाच्या रिपोर्टला खसखस लावू नका मात्र, आणि होळीची भांग नकळत प्यायलो हे सिद्ध करायला साक्षीदार लागतील.

मुलगा अजून सिटिझन नसेल तर इथे थांबा. ड्रग्ज घेतल्याची सहीनिशी कबुली इमिग्रेशनमध्ये वेगळीच महाग पडू शकते, म्हणून निवेदन पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. सैन्यामुळे सिटिझनशिप मिळाली असेल आणि पाच वर्षं चांगली सेवा व्हायच्या आत अदर दॅन ऑनरेबल मिळाला असेल तर ती रद्दही होऊ शकते. शिवाय डिस्चार्ज अपग्रेड झाला म्हणून कोर्टमार्शलची शिक्षा पुसली जात नाही.

अर्ज चालू असताना व्हीएकडे वेगळा अर्ज करता येतो, ते स्वतः ठरवतात तुम्ही बसता का, आणि जून २०२४ पासून त्यांचे नियम थोडे सैल झालेत. त्याने डीडी-२१४ बदलत नाही, पण उपचार आत्ता हवे असतील तर बोर्डाची वाट बघत बसू नका.

रिव्ह्यू बोर्डात आधी कागदांवर निर्णय मागता येतो आणि तो नाकारला तर सुनावणी मागता येते, १५ वर्षांच्या आत असाल तर, त्यामुळे आधी कागद मग सुनावणी हा क्रम ठेवला की दोन संधी मिळतात. सुनावणीला स्वतः बोलायचंय, वडिलांनी नाही. अमेरिकन लीजन, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात, लॉ कॉलेजची क्लिनिकं पण घेतात, हजारो डॉलर मागणाऱ्या वकिलाकडे जायच्या आधी तिथे फोन करा. वेळ मात्र लागतो, वर्ष सहज जातं, आणि मधे घर बदललं तर पत्ता कळवा कारण पत्र जुन्या पत्त्यावरच जातं. दोन्हीकडून नकार आला तरी नवा पुरावा मिळाला की करेक्शन बोर्डाकडे फेरविचार मागता येतो, त्यामुळे नकाराचं पत्र फेकू नका, कुठला मुद्दा त्यांनी का मानला नाही ते त्यातच लिहिलेलं असतं.