जकातदाराचे एक वाक्य

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नातल्या दहाव्या भागाच्या दानाचा, पाढा देवापुढे वाचतो. जकातदार दूरच उभा राहतो. वर डोळे करायचेही त्याला धाडस होत नाही. ऊर बडवत तो एवढेच म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ रोजच्या ख्रिस्ती प्रार्थनेत नम्रता कशी रुजली याचा माग काढू लागले, की पावले पुन्हा पुन्हा या वाक्यापाशी येतात.

त्या काळच्या ग्रीक-रोमन जगात नम्रता हा सहसा सद्गुण मानला जात नव्हता. नव्या करारात ‘नम्र’ या अर्थी येणारा ‘तापेइनोस’ हा ग्रीक शब्द एरवी हलक्या, दबलेल्या माणसासाठी वापरत. त्याच धातूपासून आलेले क्रियापद प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना थेट ख्रिस्ताला लावले: त्याने स्वतःला लीन केले. ज्या शब्दाची लाज वाटावी, तोच उपासनेत येऊन बसला. मला तरी या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच वाटते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंनी या नम्रतेची रोजची सवय केली. प्रार्थना कशी करावी, असे अब्बा मकारिओस यांना कुणी विचारले. फार बोलायची गरज नाही, ते म्हणाले; हात पसरावेत आणि म्हणावे, ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे, तुला ठाऊक आहे तसे, दया कर.’ शब्द जितके कमी, तितकी स्वतःची बढाई शिरायला जागा कमी. या साधूंकडे राहून शिकलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकात ही शिकवण पश्चिमेकडे नेली. साहाय्याला धावून ये, अशी देवाला हाक मारणारी सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओवी दिवसभर, कामात आणि झोपेच्या आधीही, ओठांवर असू द्या, असे त्याने सांगितले. पश्चिमेकडच्या मठांतल्या दैनिक प्रार्थना आजही त्याच हाकेने सुरू होतात.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिला. त्याचा सातवा अध्याय नम्रतेवर आहे आणि तिच्या बारा पायऱ्या सांगतो. बाराव्या पायरीवर नम्रता अंगात उतरते: प्रार्थनेत, बागेत, वाटेवर, शेतात, साधूची मान खाली असते आणि मनात सतत जकातदाराचे शब्द असतात. प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी, असेही हा नियम बजावतो. नम्रतेची भावना ठरवून आणता येत नाही, मान मात्र रोज झुकवता येते, हे या माणसांनी नेमके ओळखले होते.

पूर्वेकडच्या मंडळ्यांत तेच वाक्य येशूच्या नावाला जोडले गेले: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ या प्रार्थनेविषयी साधूंनी शतकानुशतके केलेले लेखन ‘फिलोकालिया’ या ग्रीक संग्रहात एकत्र आले. तो 1782 मध्ये व्हेनिसला छापला गेला. तोवर ही प्रार्थना मुख्यतः मठांत जपली जात होती, पुढे ती घराघरांत पोचली. ती जपताना हाती धरायच्या लोकरीच्या दोऱ्याला गाठी असतात. एकेक गाठ बोटांतून सरकते, श्वास आत घेताना प्रभूचे नाव येते आणि सोडताना जकातदाराचे शब्द.