अमेरिकन यादवी युद्धातील कृष्णवर्णीय सैनिक

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) फुटून निघालेल्या दक्षिणेकडील गुलामगिरीच्या राज्यांविरुद्ध उत्तरेकडील संघराज्याच्या बाजूने लढलेले आफ्रिकी वंशाचे सैनिक. भूदलात ते सुमारे १ लाख ७९ हजार होते, आरमारात सुमारे १९ हजार. युद्धाला तोंड लागले तेव्हा त्यांतले बहुसंख्य गुलाम होते. सुमारे ४० हजार जण मरण पावले. त्यांपैकी जवळपास ३० हजारांचा बळी रोगराईने घेतला.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यामुळे मराठी वाचकाला ही मुक्ती परकी नाही. मात्र तीत खुद्द गुलामांचा वाटा केवढा होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

सुरुवातीला गुलामगिरी मोडणे हे उत्तरेचे उद्दिष्टच नव्हते. लष्करात भरती व्हायला आलेल्या काळ्या तरुणांना माघारी धाडले जाई. याला पहिला धक्का दिला तो पळून आलेल्या गुलामांनी. २३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडी वल्हवत उत्तरेच्या ताब्यातील फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला, तेव्हा किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर यांनी नकार दिला. बटलर पेशाने वकील. व्हर्जिनिया संघराज्यातून फुटली, मग फरारी गुलाम परत करण्याचा संघराज्याचा कायदा तिला कशाला? शिवाय शत्रूच्या लष्करी कामाची मालमत्ता जप्त करता येतेच. या युक्तिवादात माणूस मालमत्ताच राहिला, पण किल्ल्याचे दार उघडले. थोड्याच आठवड्यांत बायकापोरांसह शेकडो लोक तिथे येऊन दाखल झाले आणि ऑगस्टमध्ये संसदेला तसा कायदा करावा लागला.

साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स हे गुलाम दक्षिणेच्या ‘प्लँटर’ या लष्करी बोटीचे सुकाणू सांभाळत. १३ मे १८६२ रोजी पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, त्यांनी बोट हाकारली आणि वाटेत आपल्या बायकामुलांना वर घेतले. डोक्यावर कप्तानाची गवती टोपी घालून, ठरलेल्या शिट्ट्यांची खूण देत ते दक्षिणेच्या ताब्यातील फोर्ट सम्टर किल्ल्याच्या तोफांसमोरून निघून गेले. पुढे बंदराची नाकेबंदी करणारी उत्तरेची जहाजे दिसताच पांढरी चादर फडकवली. बोटीवरचे १६ जण सुटले. युद्धानंतर स्मॉल्स संसदेवर निवडून गेले.

१ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त घोषित करणारा जाहीरनामा काढला आणि त्याने भरतीचा मार्ग मोकळा झाला. २२ मे रोजी लष्करात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. पोर्ट हडसन, मिलिकेन्स बेंड आणि फोर्ट वॅगनर येथे या पलटणींनी त्याच उन्हाळ्यात रक्त सांडले. पकडल्या गेलेल्या काळ्या सैनिकाला दक्षिणेकडून युद्धकैद्याची वागणूक मिळेल याची शाश्वती नव्हती. १२ एप्रिल १८६४ रोजी फोर्ट पिलो येथे शरण येणाऱ्यांचीही कत्तल झाली.

स्वतःच्या सरकारशीही त्यांना झगडावे लागले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. काळ्याला १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार नाकारला. राज्य सरकारने फरक भरून देऊ केला, तोही घेतला नाही. प्रश्न बरोबरीचा होता, पैशांचा नव्हता. गुलामीतून सुटून आलेले सार्जंट विल्यम वॉकर यांनी याच कारणावरून आपल्या तुकडीला शस्त्रे खाली ठेवायला लावली. बंडाच्या आरोपाखाली २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. समान वेतनाचा कायदा त्याच वर्षी जूनमध्ये झाला. ही शिक्षा त्या सरकारच्या नावावरचा मोठा डाग आहे.

केंटकी हे गुलामगिरीचे राज्य संघराज्यातच राहिल्यामुळे जाहीरनामा तिथे लागू नव्हता. शिपाई भरती होताच स्वतंत्र होई, पण बायकोमुले मालकाचीच राहत. नोव्हेंबर १८६४ मध्ये तिथल्या कॅम्प नेल्सन या उत्तरेच्या लष्करी छावणीतून सुमारे ४०० बायकामुलांना कडाक्याच्या थंडीत हाकलून त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांतली शंभराहून अधिक दगावली. त्यावर देशभर संताप उसळला आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्याने सैनिकांच्या बायकामुलांना मुक्ती मिळाली. साऱ्या देशातली गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर व्हायला त्यानंतर आणखी नऊ महिने लागले.