ऑफेन्सिव्ह लाइनमनच्या कामगिरीचे सांख्यिकीय मापन

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्या खेळाडूचे) संरक्षण करणाऱ्या व चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या फळीतील पाच लाइनमनची (एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल) कामगिरी आकड्यांत मोजण्याच्या पद्धती. सेंटर स्नॅप करतो (चाल सुरू करताना चेंडू मागे देतो) तेवढे सोडले, तर या पाचांचा चेंडूशी सहसा संबंध येत नाही. नियमानुसार ते पास झेलण्यासही सामान्यतः अपात्र असतात. अधिकृत आकडेवारी मात्र चेंडूच्या मागे जाते. त्यामुळे नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) नोंदींत लाइनमनच्या नावापुढे बराच काळ खेळलेले सामने आणि दंड यांपलीकडे फारसे काही आढळत नाही. होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे; 10 यार्ड) आणि फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणे; 5 यार्ड) हे त्यांचे नेहमीचे दंड. चुकला की नाव छापून येते, एरवी नाही.

चित्रफिती पाहून प्रत्येक चालीला गुण देण्याची पद्धत प्रशिक्षकांच्या खोलीत जुनी आहे. तिचे श्रेय सामान्यतः क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, दिले जाते. चित्रफितींचा अभ्यास प्रशिक्षक सिड गिलमन यांनीही केला होता. खेळाडूंना पद्धतशीर गुण देण्यापुरते मात्र ब्राउन यांचेच नाव पुढे येते. हे गुण संघाबाहेर जात नसत.

लोकांपुढे आलेला पहिला गाजलेला आकडा ‘पॅनकेक’चा, म्हणजे ब्लॉक करताना (अडवताना) प्रतिस्पर्ध्याला सपाट पाडण्याचा. ही मोजदाद ओहायो स्टेट विद्यापीठाने टॅकल ऑर्लँडो पेस याच्यासाठी सुरू केली, असे लोकप्रिय लेखनात वारंवार येते. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पुरस्कारासाठी 1996 मध्ये त्याच्या प्रचारात पॅनकेकच्या आकाराची चुंबके वाटली गेली आणि मतदानात तो चौथा आला, इतके निश्चित. नेब्रास्का विद्यापीठात मात्र लाइनचे प्रशिक्षक मिल्ट टेनोपिर यांच्या हाताखाली अशी मोजणी त्याआधीच चालू होती. 1994 च्या तिथल्या ‘पाइपलाइन’ नावाने ओळखल्या गेलेल्या फळीच्या वर्णनात पॅनकेकचे आकडे येतात. मोजणी नेब्रास्कात आधीची आणि प्रसिद्धी ओहायोची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आकडा म्हणून पॅनकेक कच्चाच आहे. प्रतिस्पर्धी गुडघ्यावर आला तर तो धरायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि मोजणारे बहुधा त्याच विद्यापीठाचे. शिवाय पास-संरक्षणात उत्तम टॅकल कोणाला पाडत नाही. समोरच्याला लांबच्या वाटेने फिरवतो.

सॅकचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. क्वार्टरबॅकला पासआधी पाडणाऱ्या बचावपटूच्या नावे सॅक अधिकृतपणे 1982 पासून नोंदला जातो. त्याआधीचे, 1960 पर्यंतचे आकडे संशोधकांनी जुन्या नोंदी व चित्रफितींतून जुळवले आणि ते 2021 मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळाने प्रसिद्ध केले. सॅक कोणाच्या चुकीने झाला याची मात्र अधिकृत नोंद नाही; ‘दिलेले सॅक’ हा आकडा खासगी संस्थांचा, आणि तोही संस्थेगणिक वेगळा. कारण उघड आहे. समजा, सेंटरने संरक्षण डावीकडे सरकवले. उजवा गार्ड सांगितल्याप्रमाणे डावीकडे वळला आणि त्याच्या पाठीमागून लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) मोकळा शिरला. चित्रफितीत गार्ड चुकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो गडी रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने) घ्यायचा होता. क्वार्टरबॅक चेंडू हातात धरून बसला तरी बोल टॅकललाच. लेगस्टंपबाहेरच्या चेंडूवरचे बाइज यष्टिरक्षकाच्या खाती पडावेत तसे. क्वार्टरबॅक संघ बदलतो तेव्हा सॅकचे प्रमाण बऱ्याच अंशी त्याच्याबरोबर जाते, असे विश्लेषकांना आढळले आहे. 1978 मध्ये पास-संरक्षणात हात लांब करून पंजे उघडे ठेवण्याची मुभा मिळाली, म्हणून त्याआधीच्या काळाशी तुलनाही जपूनच करावी लागते.

व्यक्तीला मोजता येत नाही तर फळीला मोजावे, हा मार्ग 2003 मध्ये आरन शॅट्झ यांनी सुरू केलेल्या फुटबॉल आउटसायडर्स या संकेतस्थळाने घेतला. त्यांच्या ‘ॲडजस्टेड लाइन यार्ड्स’मध्ये धावेचे श्रेय असे वाटले जाते: पहिल्या 4 यार्डांचे पूर्ण, 5 ते 10 यार्डांचे निम्मे, त्यापुढचे शून्य, मागे गेलेले यार्ड 120 टक्के धरतात. 12 यार्डांच्या धावेत फळीच्या खाती 4 आणि 3 असे 7 यार्ड येतात. 2 यार्ड मागे गेल्यास उणे 2.4. मग डाऊन (चार प्रयत्नांपैकी कितवा), अंतर, प्रतिस्पर्धी यांनुसार दुरुस्ती होते. भारांक सांख्यिकीय विश्लेषणातून आलेले असले, तरी चांगला धावपटू फळीचा आकडा फुगवतो ही त्रुटी राहतेच.

नील हॉर्न्सबी यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या प्रो फुटबॉल फोकस या संस्थेने व्यक्तिगत गुण सार्वजनिक केले. प्रत्येक चालीला उणे 2 ते अधिक 2 या पट्ट्यात, अर्ध्याच्या टप्प्याने गुण. अखेरीस 0 ते 100 मध्ये रूपांतर. सॅकबरोबर क्वार्टरबॅकवर आलेला दबावही येथे मोजला जातो, आणि तो अधिक वेळा घडत असल्याने जास्त विश्वासार्ह ठरतो. गुण देणाऱ्याला संघाने ठरवलेली जबाबदारी माहीत नसते, हा प्रशिक्षकांचा आक्षेप रास्त आहे.

खांद्यांच्या पॅडमधील चिप्समुळे (एनएफएलची ‘नेक्स्ट जेन स्टॅट्स’ यंत्रणा; सेकंदाला 10 नोंदी) नवे माप शक्य झाले. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या 2018 मधील ‘पास ब्लॉक विन रेट’मध्ये 2.5 सेकंद ब्लॉक टिकला तर लाइनमन जिंकला असे धरतात. धावेसाठीचे माप 2020 चे. मोजणाऱ्याची मर्जी येथे उरत नाही, ही मोठीच सोय. पण 2.4 सेकंदांत मोडलेला ब्लॉक हरलेला ठरतो, आणि चिपला हातांची पकड दिसत नाही. एनएफएलच्या बिग डेटा बोल या आकडेवारी-विश्लेषण स्पर्धेचा 2023 चा विषय पासच्या चालींतील लाइनमन हाच होता. 2020 च्या स्पर्धेत ऑस्ट्रियातील दोन विश्लेषकांनी चेंडू हाती पडतानाच्या स्थितीवरून अपेक्षित यार्ड सांगणारे प्रारूप मांडले. त्यावरून काढलेले ‘अपेक्षेपेक्षा अधिक यार्ड’ धावपटूच्या नावे लागतात. फळीने तोवर केलेले काम ‘अपेक्षे’तच जमा होऊन जाते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

उपलब्धतेचा आकडा सर्वांत निर्विवाद. क्लीव्हलँडचा डावा टॅकल जो थॉमस याने 2007 ते 2017 दरम्यान सलग 10,363 स्नॅप (चाली) खेळले. कारकिर्दींच्या तुलनेसाठी डग ड्रिनेन यांचे ‘ॲप्रॉक्सिमेट व्हॅल्यू’ वापरतात. त्यात संघाच्या आक्रमणाच्या गुणांतील 5/11 वाटा फळीला देऊन तो सामने व सन्मान पाहून विभागला जातो. एनएफएलने 2025 च्या हंगामापासून लाइनमनसाठी ‘प्रोटेक्टर ऑफ द इयर’ पुरस्कार सुरू केला. त्याचा विजेता सूत्राने नव्हे, तर निवड समितीच्या मताने ठरतो.