दोन खूर सारखे नसतील तर

घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर दुडक्या चालीनं नेऊन बघा आणि क्षणभर डोळे मिटून नुसत्या टापा ऐका. धडधाकट घोड्याच्या टापा सारख्याच जोरानं पडतात. लंगडणाऱ्याची एक टाप हलकी पडते, पाय टेकवायचा म्हणून टेकवल्यासारखी. आता डोळे उघडा आणि डोक्याकडे बघा. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की घोडा डोकं वर घेतो आणि चांगल्या पायावर ते खाली येतं. डोकं आणि मान मिळून त्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग भरतो, तेवढाच भार दुखऱ्या पायावरून काढून घ्यायची त्याची ही धडपड. दुखणं मागच्या पायात असेल तर तेच पुठ्ठ्याच्या वर-खाली होण्यात दिसतं.

अशा घोड्यासमोर वाकून बघितलं की पुष्कळदा पुढचे दोन खूर वेगवेगळे दिसतात. एक उभट, अरुंद, टाच उंच असलेला. दुसरा पसरट, टाच बसलेली आणि पुढचं टोक लांब वाढलेलं. बघणाऱ्याचे हात लगेच शिवशिवतात: उंच टाच कानशीनं घासावी, पसरट खुराचं टोक छाटावं आणि दोन्ही खूर एका मापाचे करून टाकावेत. घोड्याचं खरं नुकसान इथंच होतं, म्हणून आधी खुराची रचना समजून घेऊ.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. आपल्या हाताच्या मधल्या बोटाशी जुळणारं ते बोट, आणि खुराची भिंत म्हणजे त्याचं नख. आतलं हाड तळव्यावर टेकलेलं नसतं, ते भिंतीला आतून जणू लटकलेलं असतं. त्याला धरून ठेवतात भिंतीच्या आतल्या बाजूचे साडेपाचशे-सहाशे उभे पापुद्रे. एकेका पापुद्र्याला पुन्हा शंभर-दीडशेहून जास्त बारीक पापुद्रे फुटलेले. भिंत केसांच्या कडेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. त्यामुळे पुढचं टोक पूर्ण नवं व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं. आज हातात घेतलेल्या खुराच्या तळाशी गेल्या वर्षीचं शिंग, म्हणजे भिंतीचा कडक पदार्थ, असतं.

हे शिंग कडक दिसलं तरी भारापुढे वाकतं. ज्या पायावर वजन जास्त पडतं तो खूर वर्षानुवर्षं पसरत जातो, ज्याला घोडा जपतो तो आकसून उभट होतो. म्हणून लहान, उभट खूर दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो: खूर असा आहे म्हणून घोडा लंगडतोय, की कुठंतरी दुखतंय म्हणून खूर असा झालाय? दुखणं खांद्यातही असू शकतं. कारण न शोधता आकार सुधारायला गेलं तर दुखणं तसंच राहतं आणि त्यात नवा ताण वाढतो.

काही वेळा सुरुवात शिंगरू असतानाच झालेली असते. शिंगराचे पाय लांब आणि मान तोकडी, त्यामुळे चरताना तोंड जमिनीला पोचवायला त्याला एक पाय पुढे आणि एक मागे ठेवावा लागतो. नेदरलँड्समध्ये शिंगरांवर झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांना ठरावीक पायच पुढे टाकायची सवय लागलेली आढळली, आणि त्यांच्या दोन खुरांचे कोन वेगळे होत गेले. काही शिंगरांत मात्र खुरातल्या हाडाला मागून धरणारा स्नायू आणि त्याची दोरी आखडलेली असते. ती टाच वर खेचून धरते. हे वेळेत डॉक्टरांना दाखवावं, कारण इलाज कोवळ्या वयातच सोपा असतो.

मोठ्या घोड्याची तीच उंच टाच एका दिवसात घासून खाली आणली तर काय होतं? दोरी लांब होत नाही. ती हाडाला मागे खेचत राहते, हाड पापुद्र्यांवर ताण देतं, टोकाकडची भिंत सुटायला लागते. काल बरा चालणारा घोडा उद्या पाऊल टाकायला कचरतो.

पसरट खुराकडे माझ्या मते पुरेसं लक्ष जात नाही. नजर उभट खुरावर खिळते, आणि लंगडतो मात्र कधीकधी पसरट पाय. बसलेली टाच आणि लांब टोक यामुळे पाऊल उचलताना ती दोरी जास्त ताणली जाते आणि खुराच्या मागच्या भागातल्या नावेसारख्या छोट्या हाडावर दाबते. टाचेखाली 6 अंशांची पाचर दिल्यावर धडधाकट घोड्यांमध्ये हा दाब सुमारे 24 टक्के कमी झाल्याचं मोजलेलं आहे. पण पाचर कायमची ठेवू नये, आधीच नाजूक झालेली टाच तिच्याखाली आणखी चेंगरते. आधी पुढचं टोक मागे घ्यावं.

पाय एकाएकी टेकवेनासा झाला, खूर गरम लागला, टाचेवरच्या धमनीचा ठोका बोटांना जोरात लागला तर बहुधा खुरात पू झालाय. दोन्ही पुढचे पाय लांब ठेवून घोडा मागे रेलून उभा राहिला तर पापुद्र्यांना सूज असू शकते. तेव्हा खुरांच्या मापांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं.

एरवी डॉक्टर चिमट्यानं तळवा दाबून बघतात आणि पायाच्या एकेका भागाची नस बधिर करतात. जिथं बधिर केल्यावर लंगडणं थांबतं, तिथं दुखणं. बाजूनं काढलेला एक्स-रे नालबंदानंही बघावा. खुराची पुढची रेघ आणि त्यावरच्या हाडांची रेघ एकाच तिरकेपणानं खाली येते का, हे प्रत्येक पायापुरतं बघायचं. डावा उजव्यासारखा दिसतोय की नाही, हा प्रश्नच सोडून द्यायचा. उभट खुराची टाच दर खेपेला थोडीच, दोरी सोसेल तेवढी घ्यायची. दोन खेपांमध्ये चार-पाच आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर पसरट खुराचं टोक पुन्हा पुढे पळतं.

मधल्या काळात मोबाइल जमिनीवर टेकवून, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून, बाजूनं फोटो काढावा. केसांच्या कडेखालचं नवं शिंग जुन्यापेक्षा वेगळ्या कोनात उतरताना त्यात दिसू लागतं. सुरुवातीला ती बोटभर रुंदीची पट्टी असते. ती जमिनीपर्यंत पोचेतो जवळपास वर्ष जातं.