डाव्या नाकपुडीला उजवा हात

धुळीशी माझं जुनं वाकडं आहे. सकाळी डोळे उघडायच्या आत दहा-बारा शिंका, मग दिवसभर चोंदलेलं नाक. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तो मी इमानेइतबारे मारत होतो, पण अधूनमधून रुमालावर रक्ताचा बारीक ठिपका दिसू लागला. शेवटी स्टेरॉइडच ते, बाधणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "माझ्यासमोर मारून दाखवा." दाखवलं. मान मागे टाकली, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत टोक घातलं, दाबलं आणि सुर्रकन श्वास ओढला. त्या हसल्या. "औषध बरोबर आहे, तुमचा नेम चुकतोय."

उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारला की तो हमखास मधल्या पडद्यावर जाऊन आपटतो. तिथली त्वचा नाजूक, खाली रक्तवाहिन्यांचं जाळं. रोज त्याच जागी मारा झाला की ती कोरडी पडते आणि रक्त येतं. म्हणून डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजवीला डावा. मान किंचित पुढे, टोकाचा रोख बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कडेकडे, आणि श्वास अगदी हलका. जोरात ओढलं तर औषध नाकात न थांबता थेट घशात उतरतं. हात बदलले आणि माझे ठिपके थांबले.

स्टेरॉइड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर येते. (व्यायामशाळेत चोरून घेतली जाणारी स्टेरॉइड्स वेगळ्या कुळातली, त्यांचा इथे संबंध नाही.) ही भीती खोटी नाही, पण ती मुख्यतः मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ पोटात घेतलेल्या गोळ्यांची आहे. मलम आणि फवारा यांच्यामागचा विचारच निराळा आहे: जिथे दाह आहे तिथेच औषध पोचवायचं आणि बाकीच्या शरीराला शक्यतो पत्ता लागू द्यायचा नाही.

गंमत म्हणजे पहिला प्रयत्न फसला. १९४८ मध्ये संधिवाताने आखडलेल्या एका बाईला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं आणि काही दिवसांत ती चालू-फिरू लागली. या कामाबद्दल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. साहजिकच हेच औषध त्वचेवर चोळून पाहिलं गेलं. उपयोग शून्य. कारण कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असतं. त्याचं हायड्रोकॉर्टिसोन व्हावं लागतं, आणि ते काम मुख्यतः यकृतात होतं. त्वचेवर चोळलेल्या कॉर्टिसोनच्या वाट्याला ते यकृत येतच नाही. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी आयतं हायड्रोकॉर्टिसोनच इसबावर लावलं, आणि ते लागू पडलं. तिथून मलमांचं युग सुरू झालं.

हे औषध पेशीत शिरतं, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि ती जोडी थेट केंद्रकात जाते. तिथे दाह पेटवणाऱ्या रसायनांची जनुकं दबतात, दाह विझवणारी काही जनुकं जागी होतात. म्हणजे आगीवर पाणी ओतण्यापेक्षा लाकूडफाट्याची रसद तोडण्याचाच हा प्रकार. त्याला वेळ लागतो. फवाऱ्याचा थोडा गुण काही तासांत जाणवतो, पण पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून तो बाजूला ठेवतात आणि नाक झटकन मोकळं करणारे थेंब आणतात. ते थेंब रक्तवाहिन्या आकसून मिनिटांत काम करतात खरे, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्तच चोंदतं, आणि माणूस त्या बाटलीशिवाय झोपू शकत नाही. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्याच, म्हणून घोळ आणखी वाढतो.

आता यकृताची दुसरी भूमिका. फ्लुटिकासोन या स्टेरॉइडच्या फवाऱ्याची मोठ्यांची नेहमीची रोजची मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या तीन-चार कणांएवढं वजन. त्यातला बराचसा भाग नाकातल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने मागे ढकलला जाऊन घशावाटे पोटात जातो. तिथून जे शोषलं जातं ते आधी यकृतात पोचतं, आणि यकृत ते जवळजवळ सगळं मोडून टाकतं. नाकात मारलेल्या मात्रेतलं २ टक्क्यांहूनही कमी औषध रक्तात उरतं. ज्या यकृताअभावी कॉर्टिसोनचं मलम फसलं, तेच इथे राखणदार. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन या फवाऱ्यांतल्या स्टेरॉइड्सच्या बाबतीत हा राखणदार फार कडक आहे. जुन्या बेक्लोमेथासोनच्या बाबतीत तेवढा नाही.

त्वचेवर मात्र राखणदार वेगळा: तिचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर. तो सगळीकडे सारखा जाड नसतो. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती मुरतं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर जेवढं मुरलं ते १ धरलं, तर कपाळावर ६ पट, जबड्यावर १३ पट आणि वृषणावर तब्बल ४२ पट! तळपायावर मात्र जेमतेम सातवा हिस्सा. तळपायाच्या इसबासाठी लिहून दिलेलं जोरदार मलम "उरलंय ना" म्हणून चेहऱ्यावर लावणं किती महागात पडेल, ते या आकड्यांवरून कळावं. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. मग माणूस घाबरून पुन्हा तेच मलम लावतो. पापण्यांजवळ लावलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

ट्यूबवरचे टक्केही फसवे. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटात, तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल सर्वांत जहाल गटात. मलमाचा जोर आकड्यावरून नव्हे, रेणूवरून ठरतो. तो मोजायची १९६२ सालची युक्ती मला फार आवडते: हाताच्या त्वचेवर औषध लावायचं आणि ती किती पांढरी पडते ते पाहायचं. रक्तवाहिन्या जितक्या आकसतील तितकी त्वचा फिकट, तितकं औषध जोरदार.

किती लावायचं, हा प्रश्न मात्र टक्क्यांइतका अवघड नाही. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. माझ्या पाहण्यात भीतीपोटी यापेक्षा खूपच कमी लावणारे जास्त. मग चट्टा धड विझत नाही, औषध महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि ज्या दीर्घ वापराची भीती होती नेमका तोच घडतो. पुरेसं लावून थोड्या दिवसांत थांबणं अधिक सुरक्षित.

पण हे झालं इसबासारख्या दाहाबद्दल. नायट्यावर हेच मलम लावलं तर खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत ओसरते, रुग्ण खूश होतो, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, कारण तिला अडवणारी प्रतिकारशक्तीच आपण झोपवलेली असते. नायट्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसली जाते आणि पसरलेला चट्टा पाहून डॉक्टरही चकतात.

यकृताचा पहाराही कधी कधी उठतो. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर हे औषध फ्लुटिकासोन मोडणाऱ्या यकृतातल्या विकरालाच (एन्झाइमलाच) रोखतं. मग नाकातल्या इवल्याशा फवाऱ्याचं औषध रक्तात साठत जातं, आणि पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यासारखा चेहरा सुजल्याची, कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. "आणखी कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारल्यावर आपण गोळ्यांची नावं सांगतो. नाकातला फवारा कुणाच्या लक्षातच येत नाही.