मेजर लीग पदार्पण

अमेरिका व कॅनडातील मेजर लीग बेसबॉलच्या अधिकृत सामन्यात खेळाडू पहिल्यांदा उतरतो, त्याला मेजर लीग पदार्पण म्हणतात. या दर्जाच्या दोन मुख्य लीग आहेत. नॅशनल लीग १८७६ पासून आणि अमेरिकन लीग १९०१ पासून. आजवर वीस हजारांहून अधिक खेळाडूंच्या नावापुढे पदार्पणाची तारीख लागली आहे. ती नेमकी कधी लागते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नियम असा की, बदली खेळाडू म्हणून पंचांनी नाव जाहीर केले की तो खेळाडू सामन्यात आला. चेंडू टाकला की नाही, बॅट फिरवली की नाही, याला महत्त्व नाही. या नियमाची सर्वांत हळवी नोंद लॅरी याउंट याची आहे. १५ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने अटलांटाविरुद्ध नवव्या डावात त्याला पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) म्हणून बोलावले. नाव पुकारले गेले, तो मधल्या उंचवट्यावर पोहोचला, सरावाचे काही चेंडू टाकले आणि कोपरात कळ उठली. एकाही बॅटरला चेंडू न टाकता तो परतला व पुन्हा कधीच मेजर लीगमध्ये खेळला नाही. तरीही नोंदींच्या पुस्तकात त्याच्या नावे एक सामना आहे. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन १९७४ साली मिलवॉकीकडून पदार्पण करून वीस मोसम खेळला, त्याने ३,१४२ हिट (बेसपर्यंत पोहोचवणारे फटके) मारल्या आणि महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहमची कथाही याच जातीची. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्क जायंट्सकडून शेवटी शेवटी मैदानाच्या उजव्या टोकाला, राइट फील्डला उभा राहिला. बॅटिंगला त्याचाच नंबर पुढचा होता, पण त्याच्या आधीचा खेळाडू बाद झाला आणि डाव संपला. एक सामना, शून्य बॅटिंग. पुढे तो डॉक्टर झाला आणि मिनेसोटातील चिशोम या खाणगावात शाळकरी मुलांवर उपचार करीत त्याने आयुष्य काढले.

अ‍ॅडम ग्रीनबर्गला बॅट घेऊन उभे राहायला तरी मिळाले. ९ जुलै २००५ रोजी शिकागो कब्जकडून खेळताना पहिलाच चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. चेंडू अंगाला लागला तर बॅटरला पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) मिळतो, पण ती संधी ‘अ‍ॅट-बॅट’ (नोंदीत धरली जाणारी बॅटिंगची संधी) म्हणून मोजत नाहीत. म्हणून सात वर्षे त्याच्या नावापुढे शून्यच राहिले. २ ऑक्टोबर २०१२ रोजी मायामी मार्लिन्सने त्याला एका दिवसाच्या करारावर खेळवले. न्यूयॉर्क मेट्सचा पिचर आर. ए. डिकी याच्या तीन चेंडूंत तो बाद झाला आणि शून्याचे एक झाले. हा आकडा कोणत्याही होमरनइतकाच (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्याइतकाच) मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पदार्पणापर्यंतचा रस्ता मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमधून जातो. निवडप्रक्रियेत (ड्राफ्ट, १९६५ पासून) किंवा थेट कराराने घेतलेला खेळाडू खालच्या पायऱ्या चढत ट्रिपल-ए या त्यांतल्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत येतो. मुख्य संघाच्या २६ जणांत जागा झाली की बोलावणे येते. ते बहुधा अचानक येते: खालच्या संघाचा व्यवस्थापक खोलीत बोलावून सांगतो, खेळाडू घरी फोन करतो आणि रातोरात विमान पकडतो. पहिली हिट लागली की तो चेंडू खेळातून काढून डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) फेकतात. सामन्याला हजर असलेला प्रमाणक त्यावर होलोग्रामचे स्टिकर लावतो आणि चेंडू बहुधा आईवडिलांकडे जातो. पहिला होमरन मारून आलेल्या नवख्याकडे सहकारी मुद्दाम पाहतही नाहीत. तो रिकाम्या हवेत टाळ्या देत बाकावर येतो आणि मग सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

बोलावण्याच्या तारखेमागे पैशाचा हिशेबही असतो. मुख्य संघात १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षे झाली की खेळाडू कराराच्या बाजारात मोकळा होतो. २०१५ साली कब्जने क्रिस ब्रायंटला मोसमाच्या सुरुवातीला खाली ठेवून १७ एप्रिलला आणले. मोसमाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. खेळाडू संघटनेची तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली. नियमात बसले तरी हे खेळाडूवर अन्यायकारकच होते. २०२२ च्या करारात सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्यांना पूर्ण वर्ष देण्याची तरतूद आली.

पहिल्या दिवसावरून पुढचे भाकीत करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेल्याने सिनसिनाटीने १० जून १९४४ रोजी पंधरा वर्षांच्या जो नक्सहॉलला पिचर म्हणून उतरवले. दोनच गडी बाद होईपर्यंत त्याने पाच धावा दिल्या. तो परतला थेट १९५२ साली, आणि कारकिर्दीत १३५ सामने जिंकला. पुढे दिग्गज ठरलेल्या विली मेजने १९५१ साली पहिल्या बारा संधी हिटविना घालवल्या. त्याची पहिली हिट होमरन होती. हॉइट विल्हेल्मने १९५२ साली पहिल्याच बॅटिंगला होमरन मारला, मग २१ मोसमांत एकही नाही. तो पिचर म्हणून अजरामर झाला.

१५ एप्रिल १९४७ हे या इतिहासातले सर्वांत मोठे पदार्पण. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून पहिल्या बेसवर उतरला आणि कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणारी विसाव्या शतकातली भिंत पडली. त्याला हिट मिळाली नाही, पण त्याने एक धाव काढली आणि संघ ५-३ ने जिंकला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांनी निवृत्त केला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात नीग्रो लीगना (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगना) हाच दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. त्यामुळे रॉबिन्सनचे १९४५ साली कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळलेले सामनेही आता मेजर लीगचे ठरतात. नीग्रो लीगचा बॅटर जॉश गिब्सन रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने, जानेवारी १९४७ मध्ये वारला. डॉजर्स-जायंट्सच्या लीगमध्ये त्याला कोणी पाऊल ठेवू दिले नाही. आज कारकिर्दीतील सर्वोच्च बॅटिंग सरासरी, .३७२ (दर हजार अ‍ॅट-बॅटमागे ३७२ हिट), त्याच्या नावावर आहे.

परदेशी खेळाडूंत जपानचा पहिला मान मासानोरी मुराकामीचा (सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, १ सप्टेंबर १९६४). आफ्रिकेत जन्मलेला पहिला खेळाडू दक्षिण आफ्रिकेचा गिफ्ट न्गोएपे. २६ एप्रिल २०१७ रोजी पिट्सबर्गकडून पहिल्याच बॅटिंगला त्याने हिट मारली. भारतातून २००८ साली रिंकू सिंग व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू पिट्सबर्गशी करारबद्ध झाले, पण मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांच्या वर जाऊ शकले नाहीत. कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची आहे, कोपरावरच्या शस्त्रक्रियेतून सावरून १२ सप्टेंबर २०२४ रोजी सिएटलमध्ये टेक्सास रेंजर्सकडून उतरला. त्याने चार डावांत सात बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले.